नानांचा ऑनलाइन अभ्यास

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. पारोळ्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चार जण चहाला बसले की ते आपोआप साचतात. त्यातून सगळ्या स्टाफला एकदम ऑनलाइन शिकायचा उत्साह आला, मग तर विचारूच नका!

\*

मराठीचे नाना आमच्यात सगळ्यात वडीलधारे. रिटायरमेंट तोंडावर आलेली, पण पीएच.डी. करायचीच, हा हट्ट. विषय, आजच्या घरांमधली खानदेशी बोली. टायपिंग जमेना म्हणून ते फोनला बोलून लिहायला लागले.

नाना म्हणायचे 'बठ्ठा', म्हणजे सगळे. फोन लिहायचा 'भत्ता'. संशोधनाचा आराखडा तयार झाला तेव्हा पानोपानी भत्ता!

"चला, कुठेतरी वाढला!" हेडक्लार्क म्हणाले.

\*

शुभांगी मॅडम बायॉलॉजीच्या, सासर सावद्याचं, घरची केळीची बाग. पिकांचे रोग ओळखणारं एक ॲप त्या शिकल्या आणि कौतुकानं सासऱ्यांना, म्हणजे आबांना दाखवायला गेल्या. केळीच्या पानाचा फोटो काढला. ॲपनं बराच विचार केला आणि सांगितलं, 'जवळच्या अनुभवी केळी उत्पादकाचा सल्ला घ्या.'

आबांनी टोपी सारखी केली. "मंग इचार म्हना!"

\*

इतिहासाच्या महाजन सरांनी एआयकडून संदर्भग्रंथ मागवले. त्यानं झकास नावं दिली. सर जळगाव आणि धुळ्याच्या लायब्ऱ्या पालथ्या घालून आले, एकही पुस्तक कोणी लिहिलेलंच नव्हतं! चिडून त्यांनी एआयला झापलं. लगेच उत्तर आलं, 'क्षमस्व, आपलंच बरोबर आहे.'

सरांचा राग गेला तो गेलाच. "आपल्या प्रिन्सिपॉलांनी कधी म्हटलंय असं?"

\*

आता नानांची विद्यापीठाच्या समितीबरोबरची ऑनलाइन मीटिंग. विषय मंजूर होणार की नाही, ते त्या दिवशी ठरायचं होतं. नाना आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. धीर द्यायला मी त्यांच्या घरी शेजारी बसलो होतो.

नानांनी घरोघरी ऑनलाइन फॉर्म पाठवला होता, 'तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?' खानदेशी लिहायला लोकांना लाज वाटली असावी. सगळ्यांनी 'शुद्ध मराठी' लिहिलं. नानांच्या बायकोनं, नानींनीसुद्धा!

स्क्रीनवरच्या अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्याच माहितीप्रमाणे ही बोली आता कोणाच्या घरात बोललीच जात नाही. मग संशोधन कशावर करणार? विषय बदला."

नानांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. ते समोरचे कागद चाळायला लागले. माईक चालूच होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नानींचा खणखणीत आवाज आला, "आवो, गप्प काब्र बठनात? सांगा ना त्यास्ले, आपला घरमा बठ्ठा शुद्ध मराठीच बोलतस!"