अंड्यातलं बोलणं

डिंडोलीत आमच्या शेजारी राहणारे भाऊ साधी विचारपूसही ओरडून करतात. लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढून त्यांचे कान गेलेत आणि त्यांच्या हाकेने माझी रविवारची झोप जाते. घरी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ते बदकाची अंडी उबवतात. पाळीला जाताना आणि आल्यावर एकेक अंडं हलक्या हाताने फिरवतात.

सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी एक अंडं माझ्या कानाला लावलं.

"बोलून राहिलं का, ताई?"

आत बारीक चिवचिव होती. मी मान हलवली. त्यांचं तेवढ्याने भागेना. अंडं स्वतःच्या गालाला टेकवून त्यांनी डोळे मिटले आणि मी कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले, "हा, ठोकून राहिलं."