जोडणी अडली तेव्हा : कापगते मॅडम यांच्या साठीनिमित्त

कापगते मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते मुलाखतीच्या टेबलापलीकडे. तुमसरजवळच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयाला प्रोग्रामर हवा होता आणि मी नागपुरातून अभियांत्रिकी शिकून, प्रमाणपत्रांची फाइल सावरत आले होते. इतरांनी मला कोणकोणत्या संगणकभाषा येतात ते विचारले. शेवटी मॅडमनी एकच प्रश्न केला, "एखादी गोष्ट तुम्हाला येत नसेल, तर ते समोरच्याला सांगायला किती वेळ लावता?"

मी म्हणाले, "लगेच सांगते."

ते खरे नव्हते. पुढे वर्षभरातच ते उघड झाले. या गौरवग्रंथात मॅडमच्या गुणांविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी माझ्या चुकीविषयी लिहिणार आहे, कारण मॅडम कोण आहेत हे मला त्या चुकीमुळे कळले.

प्रमिला कापगते मूळच्या साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या. घर धान पिकवणारे. रुग्णालयात त्या नोंदणी कारकून म्हणून लागल्या. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आयुष्यभर येत राहतात, आणि दरवेळी त्यांचे जुने कार्ड शोधण्यात अर्धी सकाळ जायची. दुखण्याने कळवळणारी मुले बाकावर बसून राहायची. ते त्यांना बघवेना. कार्यालयातल्या एकुलत्या संगणकावर, जेवणाच्या सुट्टीत, पुस्तक पुढ्यात ठेवून त्या प्रोग्रामिंग शिकल्या आणि त्यांनी सिकलसेल नोंदवहीचा प्रोग्राम लिहिला. रुग्णाचे वजन, रक्ताचा अहवाल आणि गोळीची मात्रा त्यात एकत्र येते आणि डॉक्टरांच्या सहीसाठी चिठ्ठी छापून निघते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात ती चिठ्ठी गेली असेल. ती कोणाच्या हातची आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

मी रुजू झाल्यावर काही महिन्यांतच रुग्णालयाचे संगणक बदलले. आम्ही ज्या साधनांवर प्रोग्राम लिहितो आणि त्याचे भाग जोडून तो बांधतो, त्यांचा संच म्हणजे डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटही नव्या आवृत्तीवर न्यावा लागला. हे काम माझ्याकडे आले. नवी आवृत्ती बसवली, प्रोग्राम बांधायला लावला आणि पडदा लाल ओळींनी भरला. कुठलाही प्रोग्राम एकटा उभा नसतो. इतरांनी लिहिलेले किती तरी तयार भाग त्याला लागतात, आणि ते सापडत नाहीत अशी तक्रार पडद्यावर होती. मी घाबरून इंटरनेटवर दिसेल ते उतरवत गेले. सगळ्याच भागांच्या ताज्या आवृत्त्या घेतल्या. तक्रारी कमी होण्याऐवजी वाढल्या.

मॅडम शेजारी येऊन बसल्या. "काय करून राहिली वो तू?"

"एरर काढते आहे."

"वाचल्या का पण त्या?"

वाचल्या नव्हत्या. त्यांनी पडदा अगदी वरपर्यंत सरकवला. "पहिली ओळ वाच. बाकीच्या तिच्यामागं आलेल्या आहेत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, नाही तर कशानं बरं झालं आणि कशानं बिघडलं, हे तुले कसं कळंल?"

त्यांनी मला पुन्हा सुरुवातीला नेले. जुन्या संगणकावरून कोणत्या भागाची कोणती आवृत्ती होती ती यादी काढायला लावली. मग आम्ही एकेक ओळ घेतली. एका भागाचे नावच बदलले होते. दुसरा आता नव्या एन्व्हायर्नमेंटमध्येच आलेला होता. तिसऱ्याची जुनी आवृत्तीच आमच्या प्रोग्रामला मानवत होती. प्रत्येक दुरुस्तीनंतर प्रोग्राम पुन्हा बांधायचा आणि काय केले ते वहीत लिहायचे. तिसऱ्या दिवशी एकाच भागाची तक्रार उरली. तो भाग नव्या संगणकासाठी कुठेच मिळेना. बनवणाऱ्याने तो केव्हाच सोडून दिला होता.

त्याच दिवशी मॅडमना भंडाऱ्याला बैठकीसाठी जावे लागले. जाताना म्हणाल्या, "तेवढं राहू दे. मी आल्यावर पाहू."

मला राहवले नाही. मी त्याच नावाचा एक रिकामा भाग तयार केला. प्रोग्रामने विचारले तर काहीच न सांगणारा. लाल ओळ गेली, प्रोग्राम बांधला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मॅडम यायच्या आधीच, मी तो चिठ्ठ्या देण्याच्या एका खिडकीवर सुरूही करून दिला. तो भाग नेमके काय करत होता हे मला माहीत नव्हते, आणि तसे मी कोणाला सांगितले नाही.

मॅडम दुपारी आल्या. छापलेल्या चिठ्ठ्यांच्या प्रती नेहमीप्रमाणे चाळू लागल्या आणि एका प्रतीवर थांबल्या. सिहोऱ्याची नऊ वर्षांची मुलगी होती. तिच्या पांढऱ्या पेशी फार खाली आलेल्या होत्या. अशा वेळी सिकलसेलच्या या गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि आमचा प्रोग्राम चिठ्ठी अडवून डॉक्टरांना तसे सांगतो. आज चिठ्ठी सरळ छापली गेली होती आणि गर्दीत तिच्यावर सहीही झाली होती. प्रयोगशाळेतल्या यंत्राचा अहवाल वाचून पेशींची संख्या प्रोग्रामला देणारा भाग तोच होता. माझा रिकामा भाग काहीच देत नव्हता, आणि हरकत नाही असे समजून प्रोग्राम पुढे जात होता.

मी सगळे सांगितले. मॅडमचा आवाज चढला नाही. त्यांनी आधी नवा प्रोग्राम बंद केला, सकाळच्या प्रत्येक चिठ्ठीशेजारी रक्ताचा अहवाल ठेवून तपासला. चूक त्या एकाच चिठ्ठीत होती. मग त्या मला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, "सर, जबाबदारी माझी आहे. तो भाग काय करतो हे मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. आणि आकडा मिळाला नाही तर प्रोग्रामनं थांबायला हवं होतं. तेही मीच चुकीचं लिहिलं होतं."

मुलीच्या घरचा फोन लागत नव्हता. मॅडमनी रुग्णालयाची गाडी मागितली आणि मला म्हणाल्या, "चाल."

सिहोऱ्यात रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. मुलीची आई बांधीत, धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखलात होती. आम्हाला पाहून ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आली. मॅडम तिला म्हणाल्या, "बाई, सकाळी नेल्या त्या गोळ्या पोरीले देल्या का?"

"नाही जी. रात्री जेवल्यावर देतो. काहून?"

"देऊ नका. आमच्या संगणकात चूक झाली. पोरीच्या रक्ताले आता त्या गोळ्या झेपतीन असं नाही. उद्या तिले घेऊन या, डॉक्टर पुन्हा तपासतीन. चूक आमची आहे, तुमची काही नाही."

ती बाई म्हणाली, "मले वाटलं, पोरीचं काही वाईट सांगाले आले." ती धुऱ्यावरच खाली बसली. मॅडमही तिच्याशेजारी, चिखलात, बसल्या. मी उभीच होते. मग मलाही राहवेना. "ताई, ती चूक माझ्या हातून झाली," एवढेच मी म्हणू शकले.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. गोळ्या थांबल्या आणि काही आठवड्यांत तिच्या पेशी पूर्ववत झाल्या. तोवर आम्ही रोजचे अहवाल हाताने भरत होतो. एकीने वाचायचे, दुसरीने लिहायचे, मग उलट तपासायचे. प्रयोगशाळेतल्या यंत्राची कागदपत्रे मागवून मॅडमनी तो हरवलेला भाग स्वतः नव्याने लिहायला घेतला. लिहिताना प्रत्येक ओळ मला समजावत होत्या. अखेरची चाचणी त्यांनी माझ्याकडून करून घेतली आणि तो प्रोग्राम खिडकीवर सुरू करण्याचे कामही मलाच सांगितले. मी बटण दाबण्याआधी वही पुन्हा चाळली. त्या म्हणाल्या, "आता तुले माहीत आहे ना तो काय करते? मंग कर."

त्या प्रसंगाचा उल्लेख त्यांनी नंतर कधी माझ्यासमोर किंवा माझ्यामागे केला नाही. पुढे माझ्या वडिलांचे ऑपरेशन झाले, तेव्हा दोन आठवडे माझे काम त्यांनी केले. परतल्यावर माझ्या टेबलावर फक्त त्यांची वही होती. त्यात रोज काय बदलले आणि का, ते त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेले होते. आभार मानायला गेले तर त्यांनी वडील जेवतात का, एवढेच विचारले.

नियमाप्रमाणे मॅडम या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांनी कुठलाही पासवर्ड, कुठलीही युक्ती स्वतःपाशी ठेवलेली नाही. आपण नसताना काम अडू नये म्हणून त्या गेली कित्येक वर्षे तयारी करत होत्या, हे आता लक्षात येते. काम अडणार नाही, मॅडम. आम्हाला तुम्ही हव्या आहात, पण त्या कामासाठी नव्हे. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, डोळ्यांचे तेज टिको, एकोडीच्या घरी तुम्हाला मनासारखे वाचायला, झोपायला, नातवंडांशी भांडायला भरपूर वर्षे मिळोत. आणि अधूनमधून, काहीही कारण नसताना, रुग्णालयात येऊन आमच्याजवळ बसत जा. चहा आम्ही करू.