कडब्यावरचा माझा फ्लेक्स

दौंडच्या शिबिराच्या सभागृहात पंखे होते, चहा होता आणि बोलणारे साहेब होते. साहेब म्हणाले, "पुढचा काळ तुमचाच आहे. डॉक्टर किती पुरणार? जो मनाच्या दुखण्यातून गेला, तोच आता दुसऱ्याला हात देणार."

आम्ही बायका खुर्च्यांवर अवघडून बसलो होतो. मी अंथरुणातून उठत नव्हते तेव्हा आमच्या घरच्यांनी देवऋष्याचे उंबरे झिजवले आणि गावाने माझी अक्कल काढली. आता एकदम पुढचा काळच माझ्या नावावर झाला. सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, पण काळाचं तेवढं झटकन झालं.

उभं राहून नाव सांगायची पाळी आली तेव्हा माझा आवाज फुटेना. साहेब म्हणाले, "ताई, लाजून कसं चालेल? बोलायचंच तर काम आहे." चौथीच्या वर्गात बाईंनीही मला हेच सांगितलं होतं. त्यानंतर मी शाळेतच गेले नाही. इथे मात्र जेवण व्हायचं होतं, म्हणून थांबले. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली, फोटो काढला आणि मी 'सोबती' झाले, म्हणजे मनाचं दुखणं असणाऱ्यांना घरी जाऊन भेटणारी.

खरं सांगायचं तर सोबतीचं काम माझ्याकडे आधीच चालत आलं होतं. आमच्या मागच्या आळीतली एक सून दिवेलागणीला वाटी घेऊन विरजण मागायला यायची. तिच्या घरी दोन गाई. सगळ्या आळीला दही लावता येईल एवढं विरजण तिच्याच घरात. तरी ती यायची, आणि मीही कधी विचारलं नाही. पायरीवर बसायची. बाळंतपणाला तीन-चार महिने झाले होते. एका संध्याकाळी म्हणाली, "काकू, बाळाला घिऊन हिरीकडं जायला भ्या वाटतं. माझेच पाय मला ऐकायचे न्हाईत आसं वाटतं."

मी तिला शहाणपणाचं काहीच सांगितलं नाही. मला येतच नव्हतं. एवढंच म्हणाले, "मलाबी तसं व्हायचं. पोरं शाळंत गेली की लई. हिरीकडची वाटच सोडली होती मी. शिरूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. आता जाते पाण्याला." ती माझ्याकडे बघतच राहिली. माझ्यासारखी बाई पाण्याला जाते, याचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. येत्या बाजारच्या दिवशी माझ्याबरोबर शिरूरला यायचं तिने कबूल केलं. तोवर विहिरीवर एकटीने जायचं नाही, हेही ठरलं.

आणि त्याच आठवड्यात माझा फ्लेक्स लागला.

दौंडचा फोटो ग्रुपवरून फिरत फिरत आमच्या गावच्या उगवत्या नेतृत्वाकडे पोचला होता. एसटीच्या थांब्याजवळ, माझ्या दुप्पट उंचीचा फ्लेक्स. 'मानसिक आजारावर यशस्वी मात करून सोबतीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधे मी, डोळे मिटलेली. भोवती शुभेच्छुकांची तोंडं, सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. मी आजारी असताना यातला एकही जण आमच्या दारात आला नव्हता. आता सगळे एकदम आले, तेही इस्त्रीच्या कपड्यांत.

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या उगवत्या नेतृत्वाला म्हणाले, "बाबा, काढ ते."

"काय काकू! लोकं जागंसाठी भांडत्यात हितं. शेजारी आमदार सायबांचा वाढदिवस हाय, त्यांच्या बरुबरीनं लावलंय तुम्हाला. आठ दिवस तरी ऱ्हाऊ द्या की!"

त्या संध्याकाळी विरजण मागायला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या सासूने चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं होतं, की आमची सून त्या फ्लेक्सवालीच्या पायरीला दिसली तर तंगडी मोडीन. चूक म्हणावं तरी कसं? आता माझ्या पायरीवर बसणारी बाई म्हणजे काय, हे थांब्यावर उतरणाऱ्या परगावच्या माणसालाही वाचता येत होतं. पाण्याला मात्र ती सून रोज एकटीच जाताना मला लांबून दिसायची.

बाजाराच्या आदल्या दुपारी जोराचं वारं सुटलं. संध्याकाळी थांब्यावर नुसत्या बल्ल्या उभ्या होत्या आणि मी गायब होते. शोधायला लागलं नाही. तिच्या सासूच्या गोठ्यामागे कडब्याची गंज होती, तिच्यावर मी उलटी पसरलेली, चारही कोपऱ्यांना दगड बांधून.

मी कुणाच्या दारात जायला दहा वेळा विचार करणारी. पण माणसाला स्वतःचंच तोंड आणायला जायचं असलं तर अडवणार कोण? गेले.

"आत्याबाई, माझा फोटू हाय त्यो."

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "फोटू तुझा आसंल, कागद गावाचा हाय. कडबा भिजला तर तुझा सायब यील का वाळवाया?"

"ऱ्हाऊ द्या कागद. उद्या सुनंला माझ्यासंगं शिरूरला धाडा."

मी हे बोलले यावर माझाच विश्वास बसेना. गोठ्यात सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, पण त्याच्याकडे बघत नव्हती. सासूबाईंनी तिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "झोपतच न्हाई गं ती. मी बी जागीच आसते. हिरीवर जाती तवा बांधाच्या आडून बघत बसते." मग म्हणाल्या, "पर लोकांनी इचारलं तर काय सांगू?"

"विरजण आणाया गेली म्हणा."

"शिरूरला?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "आगं, तू खरंच येडी हायेस."

रात्री ग्रुपवर दौंडच्या साहेबांचा निरोप आला, भेट दिल्याचा फोटो टाका. सुनेचा फोटो काही मी टाकणार नव्हते. कडब्याच्या गंजीचा काढून ठेवला होता, तो टाकला. साहेबांनी लगेच अंगठा दाखवला. 'छान काम.'

सकाळी एसटीत सून माझ्या शेजारी बसली. सासूबाई बाळाला घेऊन पुढच्या बाकावर बसल्या, आमची ओळखच नसल्यासारख्या. कंडक्टरने "किती जण?" विचारलं तर म्हणाल्या, "मी एकटी. त्या येगळ्या हायेत."

दवाखान्यात सुनेचा नंबर लागला आणि मी तिच्याबरोबर आत गेले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला आणि विहिरीचं सगळं सांगितलं. मला काही बोलावंच लागलं नाही.

बाहेर आलो तर सासूबाई बाकावर सरकून बसल्या होत्या. शेजारी दुसऱ्याच गावची, त्यांच्याच वयाची एक बाई डोळे पुसत होती. सासूबाईंनी बाळ तिच्या मांडीवर देऊन टाकलं होतं आणि तिला विचारत होत्या, "तुमची बी झोपत न्हाई व्हय?"

त्यांना दौंडला कुणी बोलावलं नव्हतं, की प्रमाणपत्र दिलं नव्हतं. मी सुनेला म्हणाले, "बसू जरा. एसटीला येळ हाय." एसटी समोरच उभी होती.