जीपमध्ये बोलून लिहिलेला ब्लॉग

मंडळी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या खेपा चालू आहेत. नोकरी नगरला, माहेर तिसगावला. त्यात ब्लॉग बंद पडला. आता लिहिणं कायमचं सुटतंय की काय, अशी धास्तीच बसली होती.

आज सकाळी नगरला येताना वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसले. मांडीवर आईने दिलेल्या शेवग्याच्या शेंगा, टाइप करायला हात मोकळा नाही. शेवटी फोनवर बोलून टाइप करायचं बटण दाबलं आणि हळू आवाजात सुरू केलं. विषय होता, माझ्या सासूबाई साठीत स्कूटी कशा शिकल्या.

‘त्यांनी ब्रेकऐवजी रेस दिली’ इथवर आले आणि भिंगार आलं. शेजारच्या मावशींना उतरायचं होतं, पण त्या हलेनात.

"आगं, मंग पडल्या का त्या? तेवढं सांग, मंग उतरते."

ड्रायव्हरदादा मागे वळून म्हणाले, "सांगा ताई, आमी बी थांबतो."

"पडल्या नाहीत. शेजारच्या बांधकामाच्या वाळूत रुतल्या आणि मलाच ओरडल्या, बघत काय बसलीस, उतरव मला!"

सगळी जीप हसली. मावशी उतरता उतरता म्हणाल्या, "सुनेला सांगते, मला बी शिकीव म्हनून."

ऑफिसात पोचताच चुका दुरुस्त करून पोस्ट टाकली. मावशींचा प्रश्नही त्यात टाइप झालाय, तो तसाच ठेवलाय. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! निवांत वेळ मिळेल तेव्हाच लिहिता येतं, असं मी उगाच धरून बसले होते.

तुम्ही धावपळीत कसं लिहिता? आणि तुमचं कोण ऐकतं?