लाल दोऱ्याचं वांगं

भागुबाई चौथीत माझ्या वर्गात होती. एकदा मी मुलांना डब्यात पावटा पेरायला सांगितला. सगळ्यांचा उगवला, हिचा नाही; कारण कोंब फुटला का ते बघायला ही रोज बी उकरायची. आता ती पन्नाशीला आली, पण हाताला स्वस्थपणा नाही तो नाहीच.

भाजे गावात बुद्धविहाराच्या मागे तिचं घर. एका बियाणे कंपनीच्या प्लॉटवर ती अकरा वर्षं क्रॉसिंगच्या कामाला जात होती. संध्याकाळी वांग्याची उद्या उमलणारी कळी चिमट्यानं उघडायची, आतले पिवळे केसर काढून टाकायचे आणि सकाळी तिथं दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. खुणेला दोरा. असे हजारो दोरे तिनं बांधले. बी मात्र नंबर घातलेल्या पिशव्यांतून निघून जाई. त्यातून पुढे काय निपजलं, ते तिला कधी कुणी दाखवलं नाही.

"अकरा वर्सं सोयरिकी जुळवल्या गुर्जी, पर येक नातवंड बघितलं न्हाई," ती म्हणायची.

काम सुटल्यावर तिनं दोन जाती जुळवून स्वतःचं एक वांगं करायचं ठरवलं. आई हिरव्या खोडाची, लगडून फळणारी, पण चवीला पाणचट. बाप तिच्या परसातलं जांभळ्या खोडाचं काटेरी. फळं मोजकी, पण भरीत असं की बोटं चाटावीत. गावातल्या अंबाजीनं आपल्या शेतातली ओढ्याकडची एक पट्टी दिली, तीही पौषापर्यंतच. पुढे तिथं लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लागणार होत्या.

तिनं तीस फुलं जुळवली, प्रत्येकाला लाल दोरा बांधला. परतीच्या पावसात एकोणतीस गळली. एक धरलं. ते झाडावरच पिवळं पडेपर्यंत राहिलं, तरच बी पक्कं होणार. दिवसातून पाच वेळा ती बघून यायची.

"भागू, नजर लावून पाडशील त्याला," अंबाजी चिडवायचा.

"पाडलं तर तुमच्याच डोसक्यावर पाडीन, भाऊ."

चंपाषष्ठीच्या सकाळी ती फांदी रिकामी दिसली.

मी तेव्हा अंबाजीच्या ओसरीवर होतो. भरीत-रोडग्याला बोलावलं होतं. त्याच्या घरी चातुर्मासात वांगं शिवत नाहीत, षष्ठीला पहिलं वांगं खंडोबाला. भागुबाई धापा टाकत आली आणि उंबऱ्याशीच थबकली. समोर देव्हाऱ्यात, भंडारा लावलेलं, लाल दोऱ्याचं वांगं.

"वयनी, ह्ये का तोडलं?"

अंबाजीची बायको शालूबाई चुलीपाशी होती. "अगं, दोरा बांदला व्हता न्हवं? मला वाटलं, कुनी नवसाचं राखलंय. म्हनून आदी त्येच देवाला आनलं!"

"खुनंचा दोरा हाय त्यो. बियांचं हाय ते."

"आता देवापुढचं मागं कसं घ्यू? थांब जरा, आरती हू दे. परसाद म्हनून ने."

भागुबाईच्या घरात प्रसाद घेत नाहीत, हे शालूबाईला ठाऊक होतं. बोलून गेल्यावर तीच गोरीमोरी झाली.

"परसाद नगं, वयनी," भागुबाई हळूच म्हणाली. "माजं वांगं द्या."

मग अंबाजी म्हणाला, "देव भरीत खाईल, बियांचं त्यो काय करनार? दे तिचं तिला."

शालूबाईनं हात जोडले, वांगं उचललं, पदरानं पुसलं. "उगावलं तर चार रोपं माजी. आदीच सांगून ठिवते."

वांगं नुकतं कुठं फिकं पडू लागलं होतं. भागुबाईनं ते भाताच्या पेंढ्यात घालून मऊ, पिवळं होऊ दिलं. मग बी पाण्यात चोळलं. पोकळ बी तरंगतं. जवळजवळ सगळंच तरंगलं. तळाशी राहिल्या सतरा बिया. त्या तिनं ट्रेमध्ये पेरल्या आणि ट्रे माझ्या पडवीत आणून ठेवला.

"तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या गुर्जी. माज्याकडं ऱ्हायला तर मी उकरीन."

थंडी कडाक्याची. आठ दिवस झाले, बारा झाले, काही नाही. ती रोज सकाळी यायची, ट्रे उन्हात सरकवायची, परत आत घ्यायची, चहा अर्धा टाकून जायची. एकदा तिचं बोट मातीत शिरताना मी पाहिलं. "भागू!" मी ओरडलो. तिनं हात पाठीमागे नेला, अगदी चौथीतल्यासारखा.

सोळाव्या दिवशी चार कोंब वर आले, माना वाकवून. तरी तिच्या तोंडावर हसू नाही. खोड हिरवं निघालं, तर कळी उघडायला उशीर झाला असणार आणि आईनं आपल्याच परागावर बी धरलं असणार. जांभळं निघालं, तरच बाप उतरला. दोन दिवसांनी माना सरळ झाल्या. ती ट्रेपुढे गुडघ्यांवर बसली.

"तुमी सांगा गुर्जी. मला जे दिसतंय, त्याचा मलाच भरवसा न्हाई."

मी चष्मा पुसून वाकलो. "जांभळी आहेत."

"चारी?"

"चारी."

तिनं मोठा श्वास सोडला. मग एकदम कपाळावर हात मारला. "अवो, चार तर शालूवयनीला कबूल केलीत!"

मी हसलो. ती हसली नाही. उरलेल्या तेरा बियांच्या मातीकडे बघत तिथंच फरशीवर बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून.