एका हाताने चालणारा प्रेस

गायधनींना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला आम्ही दोघं एकाच टेबलावर होतो, पण त्यांची खुर्ची म्हणजे डबा आणि स्वेटर ठेवायची जागा. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. मी वैतागायचो, "अहो, टेका जरा. मला गरगरायला लागलंय." उत्तर ठरलेलं, "मशीन बसू देत नाही हो."

'चालतंय' या शब्दाचा त्यांना भारी राग. "काय काय चालतंय ते सांगा. पूर्ण मेलेलं परवडलं, अर्धं मेलेलं दगा देतं."

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मखमलाबादचा सीताराम पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या जुन्या प्रेसवर असायचा. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायचा. एखादा हात आत राहू नये म्हणून ही सोय. एक दिवस तो म्हणाला, "साहेब, डावं बटण दाबलंच नव्हतं, तरी आला खाली." सगळ्यांनी तपासलं. प्रेस अगदी शहाण्यासारखा वागला. मॅनेजर म्हणाले, "चालतंय की. उद्यापासून लावा याला कामाला."

गायधनींनी रात्र कशी काढली देव जाणे. सकाळी येताना बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आले. मला हसूच फुटलं. म्हणाले, "हसा. मशीनचे नियम चिपमध्ये भरलेले असतात. चिप म्हातारी झाली की सगळे जात नाहीत, एखादाच पुसट होतो. तोही तापल्यावर."

सीतारामच्या पिशवीत बाजारात द्यायची वांगी होती. त्यातलं एक प्रेसखाली ठेवलं. मी चिपवर ड्रायर धरला आणि गायधनी नुसतं उजवं बटण दाबत राहिले. काही होईना. लोक हसून पांगायला लागले, मॅनेजर घड्याळ बघायला लागले. मीच म्हणालो, "सोडा आता."

"थांबा हो."

आणि प्रेस खाली आला. वांग्याचा चेंदामेंदा झाला. सीतारामने डावा हात पटकन पाठीमागे घेतला. मॅनेजरांनी स्वतः जाऊन मेन स्विच बंद केला.

चिप बदलली, पण गायधनींची तगमग वाढली. त्याच वयाच्या चिपा इतर मशीनवरही होत्या. निवृत्त होईपर्यंत ते ड्रायर घेऊन एकेक मशीन तापवत फिरले.

निरोपसमारंभात त्यांची खुर्ची रिकामीच. स्वारी प्रेसपाशी सापडली. सीताराम हार घेऊन तिथेच गेला. "मळ्यातला झेंडू हाय साहेब. मीच ओवला."

गायधनींनी मान पुढे केली नाही. आधी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. "ओवता येतंय ना," एवढंच म्हणाले आणि मग मान पुढे केली.

आता गायधनी नाहीत. दुपारी छपराचा पत्रा तापतो, कुणीतरी लांबून ओरडतं, "चालतंय, साहेब." मी खुर्चीतून उठतो.