कॉलरमागची लाल खूण

लाँड्रीच्या काउंटरमागे आत्या एकतीस वर्षं बसली होती. गल्लीत तिला सगळेच आत्या म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठा असलेला इस्त्रीवालासुद्धा. तिचं काम खुणा घालायचं. कपडे आले की कॉलरमागे, कमरपट्टीच्या आत नाहीतर चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन-तीन टाके घालायचे, म्हणजे धुऊन आल्यावर कुठला कपडा कुठल्या घरचा ते कळतं. प्रत्येक घराची खूण वेगळी. दुसरीकडे शाईनं आकडे टाकतात. आत्या म्हणायची, शाई पसरते, दोरा आपली जागा सोडत नाही. वही ठेव म्हणून मालकानं किती वेळा सांगितलं, तिनं काही ऐकलं नाही. दोनशे चौदा घरं तिच्या डोक्यात होती. इतक्या वर्षांत एक रुमालसुद्धा चुकीच्या घरी गेला नव्हता, याचा तिला भारी तोरा होता.

कालव्याकाठची घरं रस्त्यासाठी पाडणार अशी नोटीस आली आणि वस्तीत समिती झाली. दर शनिवारी वाचनालयात बैठक. आत्या शेवटच्या बाकावर बसायची, जांभया देत, पण उठायची नाही. समितीचे अर्ज शाळेतले मास्तर लिहायचे. ते दोन शब्द बोलायचा आग्रह करायचे, तेव्हा ती म्हणायची, बोलायचं तुम्ही बघा, फलकांच्या कडा मी शिवते. मोर्च्याचे सगळे कापडी फलक तिनंच शिवले.

मोर्चा पालिकेच्या कचेरीपर्यंत शांतपणे गेला. तिथं एक काच फुटली. कुणी फोडली ते कुणालाच दिसलं नाही, आणि लाठ्या सुरू झाल्या. तिघांना उचललं. आठ दिवस झाले तरी त्यांना कुठं ठेवलंय हे घरच्यांना कुणी सांगत नव्हतं. मास्तरांनाही एका पोलिसानं मागून धरलं होतं, पण ते बाह्यांतून निसटले आणि जॅकेट तेवढं त्याच्या हातात राहिलं. मास्तरांच्या आईनं हे फक्त आत्याला सांगितलं होतं, तेही दार लावून.

नवव्या दिवशी दुपारी साध्या कपड्यातला एक साहेब लाँड्रीत आला. त्यानं पिशवीतून तपकिरी जॅकेट काढून काउंटरवर ठेवलं, कॉलर उलटी केली आणि आत्याकडे पाहिलं. आत लाल दोऱ्याची एक फुली आणि तिच्या शेजारी एक आडवा टाका.

"ही तुमचीच खूण ना?"

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. टोपलीतल्या पन्नास कपड्यांवर तोच दोरा होता, तोच हात होता. ती हो म्हणाली. कुणाची, असं त्यानं विचारलं. आत्याच्या पाठीमागच्या फळीवर, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर, मास्तरांचे तीन शर्ट घडी करून ठेवलेले होते. तीन फुल्या, तीन आडवे टाके. तिला वाटलं, ते शर्ट आता आपल्या मानेवर श्वास सोडताहेत.

जुनी खूण दिसते, ती म्हणाली, आठवत नाही, बघावं लागेल. कुठं बघणार, त्यानं विचारलं, वही तर दिसत नाही. तो स्टूल ओढून बसला. मला घाई नाही, म्हणाला. इस्त्रीवाल्यानं एकच शर्ट चार वेळा इस्त्री केला.

तेवढ्यात मास्तरांची आई आत आली. दर गुरुवारी याच वेळी यायची, हे आत्याला पाठ होतं आणि या क्षणापर्यंत ती नेमकं तेच विसरली होती. म्हातारीनं पायरी चढतानाच जॅकेट पाहिलं. त्याचं खालचं बटण बाकीच्यांपेक्षा काळं होतं. ते तिनंच लावलेलं. ती थांबली. साहेबही तिच्याकडे पाहू लागला.

"माझी चादर झाली का गं?" म्हातारीनं विचारलं.

तिनं चादर टाकलेलीच नव्हती. आत्यानं फळीवरची हाताला लागली ती चादर उचलली, कंपाउंडरची, निळ्या काठाची, आणि तिच्या हातात दिली. म्हातारी कुरकुरली, या वेळी फार दिवस लावलेत. मग चादर छातीशी धरून पायऱ्या उतरली, एक एक, कठडा धरून.

साहेब उठला. सोमवारपर्यंत वही करा, म्हणाला, प्रत्येक खुणेपुढं नाव. नाहीतर तुम्हीच चला, तिथं निवांत आठवेल.

तो गेल्यावर आत्यानं शटर अर्धं ओढलं आणि सुईनं त्या तीन शर्टांचे टाके उसवले. दोरा काढला तरी बारीक भोकं राहिली. तिनं नखानं कापड घासलं, पाणी लावून दाबलं, परत घासलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी चादर परत करायला आली. घरातल्या सगळ्या कपड्यांचे दोरे तिनं खिडकीशी बसून काढले होते. आत्यानं विचारलं, मास्तरांना कुठं पाठवलंत का? म्हातारीनं मान हलवली. मुलांची परीक्षा आहे म्हणतो, सोडून कसा जाऊ. रोज वेळेवर शाळेत जातो. मी त्याची पावलं ऐकत बसते.

आत्यानं वही आणली. शनिवार, रविवार बसून तिनं दोनशे चौदा नावं लिहिली. मास्तरांच्या नावापुढं न वापरलेली दोन ठिपक्यांची खूण काढली. फुली आणि आडवा टाका उरला. त्या खुणेपुढं नाव हवंच होतं. कुणाचंही लिहिलं तरी ते माणूसच असणार होतं. मेलेल्याचं लिहावं तर मेलेला मोर्च्यात कसा, हेही तिच्या डोक्यात येऊन गेलं आणि तशातही तिला हसू आलं. रविवारी संध्याकाळी तिनं ती ओळ भरली.

सोमवारी साहेबानं बोट फिरवत वही वाचली. बोट थांबलं.

"हे तर तुमचं नाव आहे."

आत्या म्हणाली, भावाचं जॅकेट होतं, तो गेल्यावर मीच घालते. मोर्च्याला होते मी, गर्दीत ओढलं गेलं. मग त्या दिवशी का नाही सांगितलं, त्यानं विचारलं. घाबरले होते, ती म्हणाली. एवढं एकच खरं होतं आणि तेच तिला नीट बोलता आलं.

साहेबानं पिशवीतून जॅकेट काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

"घाला बघू."

तिनं घातलं. खांदे उतरले, खालची कड गुडघ्यांकडे गेली. त्यानं बटणं लावायला सांगितलं. तिनं खालून सुरुवात केली, काळ्या बटणापासून. बाह्या बोटांच्याही खाली आल्या होत्या, बटणं तिनं कापडातूनच चाचपून लावली. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"भाऊ बराच उंच होता," साहेब म्हणाला.

"हो," आत्या म्हणाली.

शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली. मास्तर आता या रस्त्यानं जाणार होते. साहेबानं वही मिटून काखेत घेतली, दाराकडे हात केला आणि म्हणाला, चला. जॅकेट काढू का, असं आत्यानं विचारलं. राहू द्या, तो म्हणाला, तुमचंच आहे ना.